पानावरची वेळ

९ एप्रिल

सूनबाई,

फोनवर मला तुझं निम्मंसुद्धा कळत नाही आणि ओरडून बोलायचं तुझ्या जिवावर येतं, म्हणून हे पत्र. जिने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, लोकांची बोलणी जोडून दिली, तिचेच कान असे जावेत. यावर हसायचं की काय, ते तू ठरव.

माझं काम एकच आहे. बच्चूने माझ्यासाठी केलेलं ते पान मी रोज सकाळी उघडते. डोळे अजून शाबूत आहेत, आणि खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांनी टॅबवर अक्षरं मोठी करून दिली आहेत. त्याची शेवटची नोंद सगळ्यात वर आहे. खिडकीत ठेवलेल्या कुंडीचा फोटो आणि खाली लिहिलंय, "आई, आज लवकर घरी आलो. पुदिना फुटला एकदाचा. उद्या बोलू." त्याखाली बारीक अक्षरांत वेळ येते. तो गेल्याचं तू कळवलंस त्या दिवशी तिथे "काल" असं होतं. मग "परवा" झालं. मग "आठ दिवसांपूर्वी", मग "महिन्यापूर्वी". काल उघडलं तर "तीन महिन्यांपूर्वी".

अगं, जिवंतपणी तो माझ्यापासून लांब होता तेवढं पुरे नव्हतं का? हे पान त्याला रोज थोडं थोडं आणखी लांब नेतंय. सकाळी उठून मी तेच बघायचं का? तुम्हा दोघांचं शिक्षण एकच, कामही एकच, तेव्हा तुला हे जमेल. ते थांबव. बाकी माझं काही मागणं नाही.

जेवतेस ना वेळेवर? तुझा आवाज मागच्या वेळी फार बारीक वाटला. की माझेच कान?

आई

—

२४ एप्रिल

आई,

तुमचं पत्र वाचून मी त्याच्या पानाची आतली बाजू पहिल्यांदाच उघडली. ते पान तुमचं आणि त्याचं होतं, म्हणून मी कधी त्यात डोकावले नव्हते.

"काल" किंवा "महिन्यापूर्वी" हे शब्द त्या पानात कुठेच साठवलेले नाहीत. साठवलेला असतो फक्त एक आकडा, ती नोंद ज्या क्षणी झाली त्याचा. तुम्ही पान उघडलंत की टॅब स्वतःच्या घड्याळात बघतो, वजाबाकी करतो आणि उत्तराचे शब्द करून दाखवतो. म्हणून ते रोज बदलतं.

पण ते शब्द त्याने स्वतः बसवलेले आहेत, आई. तयार मिळतात ते शब्द त्याने घेतले नाहीत. तयार मिळतं त्यात "९:१५" असं येतं. त्याने त्याचं "सव्वानऊ" केलंय. पावणेदहा, साडेअकरा, सगळं आपण बोलतो तसं. दीड आणि अडीचसाठी वेगळी सोय केली आहे, आणि शेजारी स्वतःसाठी लिहून ठेवलंय, "साडेएक दिसलं तर आई महिनाभर हसेल." पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ यांच्या हद्दी ठरवल्या आहेत. तिथे एक टीप आहे, "आईची दुपार कधी संपते? विचारायचं." तुम्हाला विचारलं होतं का त्याने?

मी बदल केला आहे. यापुढे प्रत्येक नोंदीखाली वार, तारीख आणि वेळ सरळ येईल. ती हलणार नाही. शब्द त्याचेच ठेवले आहेत.

मी बरी आहे. घर तसंच आहे. त्याची खुर्ची मी हलवलेली नाही. पुदिना ओट्याजवळ ठेवला आहे, रोज पाणी घालते.

तुमची सून

—

११ मे

सूनबाई,

दुपारचं मला विचारलं होतं त्याने. मी म्हटलं, चहा झाला की दुपार संपली. तो म्हणाला, "आई, मशीनला चहा कळत नाही." मी म्हटलं, मग चार लिही.

पान बदललेलं पाहिलं. आता वेळ जागच्या जागी राहते, पण तुझे आभार मानायला मी बसले नाहीये. त्याच्या शेवटच्या नोंदीखाली आता लिहून येतं, "गुरुवार, ८ जानेवारी, पहाटे चार". तू आम्हाला सांगितलं होतंस की तो बुधवारी गेला. दुपारी जेवून आडवा झाला, चहाला उठवायला गेलीस तर उठला नाही, आणि तू जवळ होतीस. दर बुधवारी मी दुपारी कुणाशी बोलत नाही. खिडकीशी बसून असते.

मग गुरुवारी पहाटे लिहिलं कुणी?

खरं सांगते, चार दिवस मी ठिकाणावर नव्हते. काहीतरी घोटाळा झाला असेल असं वाटायला लागलं. कुणी दुसराच गेला असेल, कागद बदलले असतील, तो कुठेतरी बरा होत असेल. म्हातारपणी माणूस काय काय विचार करतं. थोरल्या लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मशीनचं काय खरं मानतेस? हा सगळा हिशोब मशीनचा." पण मशीनला बच्चूनेच शिकवलंय ना? वेळेच्या बाबतीत तो चुकायचा नाही.

तू काय ते नीट लिही.

आई

—

२५ मे

आई,

चूक माझी झाली. बदल करताना हे आधीच तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. ते चार दिवस तुम्ही कसे काढले असतील याचा विचार करून मला झोप आली नाही.

मशीन चुकलेलं नाही आणि दुसरा कुणी गेलेलाही नाही. आपली घड्याळं वेगळी आहेत एवढंच. तुमच्याकडे पहाटेचे चार वाजतात तेव्हा आमच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. क्षण एकच. तुमचा टॅब तो तुमच्या घड्याळाने सांगतो, माझा संगणक माझ्या घड्याळाने. माझ्याकडे त्याच नोंदीखाली "बुधवार, ७ जानेवारी, संध्याकाळी सात" असं दिसतं. तुमची गुरुवारची पहाट ही त्याची बुधवारची संध्याकाळ होती. म्हणजे वार बुधवारच.

हवं असेल तर सगळ्या वेळा त्याच्या इथल्या घड्याळाने दिसतील अशी सोय करते. तुम्ही म्हणाल तसं.

कृपा करून मनात दुसरं काही आणू नका. माझ्या इथे कामाचा रगाडा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमची सून

—

८ जून

सूनबाई,

चष्मेवाल्यांनी त्यांच्या दुकानातली दोन घड्याळं वर आणली. एक तुमच्या वेळेला लावलं, एक आमच्या, आणि काटे फिरवून दाखवले. मला कळलं. कान गेलेत, डोकं नाही.

पण दुपारनंतरच संध्याकाळ होते ना तुमच्याकडेही? दुपारी गेलेला माणूस संध्याकाळी सात वाजता पुदिना फुटला म्हणून कसं लिहील?

आणि दुसरं. तुमच्या घराच्या खिडक्या मी फोटोत कितीदा पाहिल्या आहेत. उंच, पांढऱ्या चौकटीच्या, बाहेर झाडं. ही कुंडीमागची खिडकी बुटकी आहे आणि बाहेर विटांची भिंत आहे. मी तेव्हाही पाहिलं होतं. वाटलं, ऑफिसातली असेल. पण तो लिहितोय, घरी आलो.

खरं काय ते लिही. वाईट असलं तरी लिही. अर्धवट कळलेलं मला सोसत नाही.

आई

—

२० जून

आई,

लिहिते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून आम्ही वेगळे राहत होतो. फसवाफसवी नव्हती, भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना आपापल्या पडद्यात तोंड घालून बसायचो आणि आठवडाभरात भाजी काय आणायची यापलीकडे बोलणं व्हायचं नाही. एकदा तो म्हणाला, "आपण एकमेकांशी फार सभ्यपणे वागतोय, नाही?" मी हो म्हटलं. त्यानंतर महिन्याभरात त्याने एक खोली भाड्याने घेतली. बुटक्या खिडकीची, समोर भिंत असलेली. मी त्याला जा म्हटलं नाही आणि थांब असंही म्हटलं नाही.

तुम्हाला सांगायचं तो पुढे ढकलत होता. फेब्रुवारीत तुमच्याकडे येणार होता तेव्हा समोर बसून सांगणार होता. "पत्राने किंवा फोनवर नको, आईला नीट सांगितलं पाहिजे," म्हणाला. तोवर तू काही बोलू नकोस, असं मला बजावलं होतं. मग सांगायला तोच राहिला नाही.

गुरुवारी तो कामावर गेला नाही, फोन उचलत नव्हता, म्हणून त्याच्या ऑफिसातून कुणी घरमालकिणीला कळवलं. तिने दार उघडलं. भाड्याच्या कागदावर अडीअडचणीसाठी म्हणून त्याने माझाच नंबर दिला होता. तिने मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, रात्री केव्हातरी. बुधवारची रात्र की गुरुवारची पहाट, ते त्यांनाही सांगता आलं नाही. जवळ कुणी नव्हतं.

मी तुमच्याकडे फोन केला तेव्हा तो ताईंनी घेतला. मी फक्त गेला एवढं म्हटलं. मागून तुमचा आवाज आला, "जवळ कोण होतं त्याच्या?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी होते. एकदा तेवढं म्हटल्यावर बाकीचं रचावंच लागलं. दुपार, जेवण, चहा. तुम्हाला जरा बरं वाटेल असं जे सुचलं ते.

ही वेळ बदलून दिली तेव्हा ती नोंद मी पाहिली होती. सात वाजलेले पाहिले आणि तुमच्या लक्षात येणार हे मला कळलं. तिथे दुपारची दुसरी वेळ टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. मी रोज असली कामं करते. पण ते त्याचं तुम्हाला लिहिलेलं शेवटचं होतं. हात गेला नाही. नंतर मात्र घड्याळांचं समजावून वेळ मारून नेता येते का ते पाहिलं.

माझ्याकडे त्याची खुर्चीही नाही. ती तो सोबत घेऊन गेला होता.

मी

—

२ ऑगस्ट

आई,

तुमचं उत्तर नाही. येईल असं मी धरलेलंही नव्हतं. ताईंचा निरोप मिळाला, "आईला यापुढे लिहू नकोस, तिने अंथरूण धरलंय." तब्येत कशी आहे तेवढं त्यांनी कळवलं तरी पुरे. मी फोन केला तर त्या उचलत नाहीत.

पान चालू राहील. ते चालू ठेवायला जे लागतं ते मी बघते, त्याची काळजी नको. पान दुसऱ्या कुणाकडे सोपवावं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं सांगा. चष्मेवाल्यांना मी सगळं लिहून पाठवीन, ते करतील.

या पत्रानंतर मी त्रास देणार नाही.

मी

—

१९ सप्टेंबर

सूनबाई,

अंथरूण धरलं होतं ते खरं, आता उठून बसते. जिन्यापर्यंत जाऊन येते.

तुझ्यावर माझा फार राग होता. तुझं पत्र मी थोरलीला वाचून दाखवलं आणि मग कपाटात कपड्यांखाली टाकलं. ती म्हणाली, "तिचा आपला संबंध संपला. खोटारडी बाई." मी तिला उलट काही बोलले नाही. वेगळे झालात याचा राग नव्हता इतका. आमच्या पिढीत लोक एका घरात राहून वेगळे व्हायचे, कुणाला पत्ता लागायचा नाही. राग याचा होता की सहा महिने मी त्याला तुझ्याजवळ निजलेला बघत होते. दर बुधवारी मनात तेच चित्र, तू चहा घेऊन येतेस आणि हाक मारतेस. ते तू काढून घेतलंस आणि त्या जागी एक रिकामी खोली दिलीस. त्याने हाक मारली असेल का, पाणी मागितलं असेल का, याच्यात माझा जुलै गेला, ऑगस्ट गेला.

परवा दुपारी पडल्या पडल्या एक्स्चेंजमधले दिवस आठवत होते. वाईट बातमीचा फोन आम्हाला कळायचा. सांगणाऱ्याचा श्वासच वेगळा असतो. नंबर जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं, तसा नियमच होता. पलीकडे ज्याने उचलला त्याचं पुढे काय झालं, ते मला नोकरी संपेपर्यंत कधी कळलं नाही. तेव्हा वाटायचं, निदान एकाला तरी विचारायला हवं होतं.

आणि तुला मी विचारलंच नाही. त्या घरमालकिणीचा फोन तुला आला. मग तू काय केलंस? खोलीत गेलीस तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?

आई

—

४ ऑक्टोबर

आई,

कुणी नव्हतं.

मी ऑफिसात होते. शेजारच्याला "जरा जाऊन येते" म्हटलं, जणू खाली कॉफी आणायला चालले आहे. बसने गेले. मध्ये बस बदलावी लागते, तिथे मी थांब्यावर उभी राहून आलेली बस जाऊ दिली. दुसरी आली तेव्हा चढले. का तसं केलं ते मला माहीत नाही. मी पोचत नाही तोवर तो असेल, असं काहीतरी वाटलं असेल.

घरमालकीण म्हातारी आहे. दारातच उभी होती. तिने विचारलं, "तुम्ही कोण त्याच्या?" मी म्हटलं, बायको. कागदावर होतेच अजून. तिने मला पाणी दिलं आणि डॉक्टर येईपर्यंत जिन्यात बसून राहिली, आत आली नाही.

तो कुशीवर होता, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात उशीखाली. तुम्हाला माहीत आहे तो कसा झोपायचा. चष्मा घडी करून टेबलावर ठेवला होता. पांघरूण सरकलेलं नव्हतं. तोंडावर त्रासाची खूण नव्हती, आई. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्हाला पुन्हा खोटं लिहिण्याची माझी हिंमत नाही. तो हाक मारायला उठला होता असं काहीच त्या खोलीत दिसत नव्हतं.

खुर्चीच्या पाठीवर त्याने एक शर्ट धुऊन वाळत टाकला होता. बाह्या अजून दमट होत्या. मी तो काढला, झटकला, सुरकुत्या ओढून सरळ केल्या आणि पुन्हा नीट वाळत घातला. मग लक्षात आलं की हे मी कुणासाठी करते आहे. तेव्हा मी खाली बसले. किती वेळ बसले ते मला सांगता येत नाही.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलं नाही. वेगळी राहणारी बायको, तिला काय विचारायचं. त्याच्या ऑफिसात लोकांनी तिथल्या मित्रांना धीर दिला.

मला डिसेंबरमध्ये सुट्टी आहे. त्याचे स्वेटर, चष्मा, तुमच्या हातची जुनी पत्रं माझ्याजवळ आहेत, ती पोस्टाने पाठवावीशी वाटत नाहीत. मला यायचं आहे. पण मी काय म्हणून येऊ? सून म्हणून यायचा हक्क मी ठेवला नाही. आणि पाहुणी म्हणून तुमच्या घरात बसणं मला जमणार नाही.

मी

—

१८ ऑक्टोबर

सूनबाई,

तुझं पत्र मी थोरलीला दाखवलं नाही. बसची ती ओळ मात्र तिला तोंडी सांगितली. ती उठून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. फुगून आहे अजून, पण तिचं मी बघते. ती तुला फोन करील. लगेच नाही करणार.

काय म्हणून येऊ, असं विचारतेस. मलाही माहीत नाही. सून म्हणायची माझ्या जिभेला सवय आहे, तेवढी असू दे. बाकीचं इथे बसून ठरवू, आणि नाहीच ठरलं तर राहू दे. सगळ्या गोष्टींची नावं लागतातच असं काही नाही.

मधल्या खोलीत तुझी झोपायची सोय करते. तिथे सकाळी ऊन येतं, पडदा जाड लावून घेईन. स्वेटर आणशील ते न धुता आण.

आल्यावर आधी झोप काढ. जेव. मग दार लोटून माझ्यासमोर बस, उजेडाकडे तोंड करून, म्हणजे तुझ्या ओठांवरून मला कळेल. आणि बसच्या थांब्यापासून सगळं पुन्हा सांग. हात उशीखाली होते म्हणालीस, ते कसे होते ते दाखव. सावकाश बोल. मध्येच मी रडले तर थांबू नकोस, सांगत राहा.

आई